पुण्यात पास, वेंगुर्ल्यात नापास: इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी कोकणासाठी कशी करावी?

खारा_वारा | १८ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही चौघं मिळून मोबाइलवरून चालू-बंद होणारे पंपाचे कंट्रोलर बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक बागायतदार. डबा विहिरीशेजारच्या खांबावर नाहीतर मांगरात (बागेतल्या शेडात) बसतो.

माल बाजारात आणण्याआधी पुण्यातल्या एका लॅबमध्ये ८५/८५ची चाचणी करून घेतली होती. म्हणजे ८५ अंश सेल्सिअस, ८५ टक्के आर्द्रता, सलग १००० तास. तीन नग ठेवले, तिन्ही पास. एका सल्लागाराने हिशोब मांडून दिला की हे १००० तास म्हणजे प्रत्यक्षातली ३४ वर्षं. तो कागद मी प्रत्येक डीलरला दाखवला.

दुसरा पावसाळा संपला आणि फोन सुरू झाले. पावसात पंप बंदच असतो. पहिलं पाणी सोडायला माणूस बागेत जातो तेव्हा डबा मुका. एकट्या वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातून ४१ नग परत आलेत. चिपळूणच्या आतल्या बाजूला त्याच बॅचचे नग व्यवस्थित चालताहेत.

सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरलं सांगतो. ४१ पैकी १७ नग माझ्या टेबलावर लावले की ठणठणीत चालतात. परत नेऊन बसवले की चार-आठ दिवसांत पुन्हा बंद. लोकांना वाटतं मी न बघताच परत पाठवतो. ज्यांनी माझ्या शब्दावर पैसे दिले, त्यांच्या बागेला पाणी नाही, हे मला झोपू देत नाही.

चाचणी चुकली की हिशोब चुकला? आणि आमच्यासारख्या लहान कारखान्याने परवडेल अशी कोणती चाचणी करावी?

---

बंदरावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दादा, टेबलार चालता आणि खांबार चालणा नाय, ह्येचा कारण मीठ.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणला होड्यांवरचे जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस सेट दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. खलाशी सेट घेऊन येतो, मी उघडतो, उन्हात ठेवतो, चालू होतो. होडीवर गेला की बंद. बोर्डावर मिठाचा थर असतो, डोळ्याला दिसतही नाही. हवा ओली झाली की मीठ पाणी ओढतं आणि दोन टोकांच्या मधे वाट तयार होते. सुकलं की वाट बंद. घरातल्या मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतो ना, तेच.

---

फळा_खडू | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

बंदरावरचा यांच्याशी पूर्ण सहमत, आणि थोडं शास्त्र जोडतो (विज्ञान शिकवतो, राहवत नाही). शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं. त्याखाली कोरडं राहतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. म्हणजे किनाऱ्यावरचा बोर्ड एकदा खारावला की पावसाळ्यात तर ओला असतोच, थंडीतल्या सकाळीही पूर्ण सुकत नाही.

---

तापमापी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सची विश्वासार्हता बघणं हेच माझं रोजचं काम. खारा_वारा, उत्तर देण्याआधी दोन प्रश्न. बंद पडलेले नग भिंगाखाली बघितलेत का, नक्की कुठे मेलेत? आणि लॅबमध्ये १००० तास नग चालू होते की बंद?

---

खारा_वारा | १९ नोव्हेंबर, दुपारी २:१५

चालू होते, सलग. लॅबवाल्यांनी तसंच सांगितलं होतं.

आज सकाळपासून दहापट भिंग घेऊन बसलोय. २४ नग सरळ मेलेत: टर्मिनलच्या पायांशी पांढरी बुरशी आल्यासारखं, आणि तांब्याच्या ट्रॅकवर हिरवट-निळा थर, कोपऱ्यात ट्रॅक तुटलेला. ते समजलं. पण जे १७ टेबलावर चालतात, त्यात एकच जागा पुन्हा पुन्हा दिसते. थ्री फेजपैकी एखादी फेज गेली का हे बघणारी जी पिन आहे, तिच्या आणि शेजारच्या ग्राउंडच्या पॅडमधे काळपट नक्षी उगवलीय. नेच्याचं पान असतं ना, तस्सं. केसाहून बारीक. ब्रशने पुसलं की जातं.

त्या पिनला ३.३ व्होल्टकडून १ मेगाओहमचा पुल-अप (पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रोध) आहे. बॅटरी वाचावी म्हणून मोठा घेतला होता.

---

तापमापी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:००

सापडलं तर. ते नेच्याचं पान म्हणजे डेंड्राइट. ओलावा, खार आणि डीसी व्होल्टेज एकत्र आलं की एका पॅडवरचा धातू विरघळतो, पाण्याच्या थरातून सरकतो आणि दुसऱ्या पॅडवर झाडासारखा उगवतो. पूर्ण शॉर्ट व्हायचीही गरज नाही. समजा त्या वाटेचा रोध २०० किलोओहम झाला. तुमच्या १ मेगाओहमशी विभागून पिनवर राहिले ०.५५ व्होल्ट. कंट्रोलरला वाटलं फेज गेली, त्याने पंप अडवून धरला. म्हणजे डबा मेलेला नाही, त्याला चुकीची बातमी मिळतेय. टेबलावर हवा कोरडी, वाट बंद, बातमी बरोबर.

आता हिशोबाकडे. तो सल्लागार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, पण त्याने कुठली हवा धरली ते बघा. स्वांते आर्हेनियस यांनी १८८९ मध्ये रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो त्याचं सूत्र दिलं. त्यात 'सक्रियण ऊर्जा' नावाचा एक आकडा घालावा लागतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले डोळे मिटून ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट घालतात. मग ३० अंशाच्या जागेपेक्षा ८५ अंशाला सगळं साधारण ६१ पट वेगाने होतं. १००० तासांची झाली ७ वर्षं. मग ३४ कुठून आली? आर्द्रतेतून. पेक यांच्या सूत्रात आर्द्रतेच्या गुणोत्तराचा सुमारे तिसरा घात घेतात. बाहेर ५० टक्के आर्द्रता धरली तर ८५ भागिले ५०, त्याचा घन, जवळजवळ ५. सात पंचे पस्तीस.

पण वेंगुर्ल्यात जून ते सप्टेंबर बाहेरच ८५ टक्के असतात! ८५ भागिले ८५ म्हणजे एक. तिथे आर्द्रतेने काहीही वेग वाढवला नाही. ३४ वर्षं कागदावरच सातवर आली.

तो ०.७ सुद्धा अंदाज आहे. ०.५ घातला तर त्याच १००० तासांची दोन वर्षं होतात, ०.९ घातला तर बावीस. कुठला आकडा खरा, ते वस्तू कशाने मरते त्यावर ठरतं, आणि ते बघण्याआधीच हिशोब झाला होता.

नग चालू ठेवले हेही नडलं. तुमच्यात ट्रान्सफॉर्मर आहे, बोर्ड भोवतालच्या हवेपेक्षा १० अंश तापला तर त्याच्या अंगाजवळ ८५ टक्क्यांची आर्द्रता ६० च्याही आत येते. तुम्ही नकळत त्याला शेकत होतात. बागेत तो चार महिने थंड पडून असतो. शिवाय त्या चेंबरमध्ये मिठाचा कण नव्हता.

---

हातोडी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. या सगळ्या चाचण्यांवर खर्च करण्यापेक्षा बोर्डावर चांगला लॅकर (संरक्षक लेप) मारा, डबा सील करा आणि माल विका. बिघडला तर बदलून द्या. लहान कारखान्याला तेच परवडतं. समुद्रच खरी लॅब आहे. मी इन्व्हर्टर असेंबल करतो, पंधरा वर्षं असंच चाललंय.

---

खारा_वारा | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

@हातोडी, राग कसला. पण समुद्राच्या लॅबचा निकाल दोन वर्षांनी लागतो, आणि तोवर त्याच चुकीचे आठशे नग मी विकून बसलोय. मला तो निकाल दोन महिन्यांत हवाय.

---

आढीतला_हापूस | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

देवगडला बाग आहे. इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, पण घाई कळते.

आंबा आढीत घातला, भाताच्या पेंढ्यात, की आठ-दहा दिवसांत पिकतो. झाडावर पिकला असता तसाच, फक्त लवकर. कारण आढी फळाला ऊब देते आणि फळातूनच निघणारा वायू कोंडून धरते. तेच काम, जरा जलद. आणि काही व्यापारी कार्बाइड टाकतात (बंदी आहे तरी). दोन दिवसांत साल पिवळीधमक, कापला की आत पांढरा आणि आंबट. तिथे पिकण्याची क्रिया जलद झालेलीच नाही, रंग बदलण्याची झाली.

तुमची पुण्याची चाचणी मला कार्बाइडसारखी वाटते. घाई केलीत, पण भलत्याच गोष्टीची.

---

तापमापी | २० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

@आढीतला_हापूस, काका, तुमची परवानगी असेल तर उद्यापासून नवीन इंजिनिअरना हेच सांगणार. आमच्या पुस्तकी भाषेत: ताण वाढवून मरण जवळ आणायचं, मरणाचं कारण बदलायचं नाही. ८५ अंशाला प्लॅस्टिक मऊ होतं, गोंद सुटतो, जे बागेत कधी होणारच नाही. आणि जे होतं ते, म्हणजे खाऱ्या दवाचा पातळ थर, तिथे होतच नाही.

---

सुपारी_बाग | २० नोव्हेंबर, दुपारी १२:२०

गुहागरला आमची होम-स्टे आहे. धागा वाचून जीव भांड्यात पडला, कारण मला वाटायचं आमच्याच घरावर कुणाची नजर आहे. तीन वर्षांत चार राउटर. शेवटच्या वेळी वॉरंटीत होता म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. आतली पांढरी चिकटपट्टी लाल झाली होती, म्हणाले पाण्यात पडलाय, वॉरंटी नाही. मी पोटतिडकीने सांगत होते की तो टीव्हीच्या वर, भिंतीवर टांगलेला होता, पाण्याचा थेंब लागलेला नाही. ऐकून घेतलं नाही. कोकणात विकता तर कोकणची हवा धरून वॉरंटी द्या, एवढंच मागणं आहे.

माझ्या सासूबाई पावसाळ्यात टीव्ही रोज तासभर लावतात, कुणी बघत नसलं तरी. कपाटात ४०चा बल्ब जळत असतो. मी त्यांना विजेचं बिल दाखवायचे. आता तापमापींचं 'शेकणं' वाचून दाखवलं, तेव्हा त्या नुसत्या हसल्या.

---

दाभोळची_खाडी | २० नोव्हेंबर, दुपारी १:००

सासूबाईंना नमस्कार. +१

निसर्ग वादळ ३ जून २०२०ला झालं, त्यानंतर आमच्या वाडीत महिनाभर वीज नव्हती. वीज आली त्या दिवशी जेवढ्या वस्तू बंद पडल्या, तेवढ्या वादळाच्या दिवशी पडल्या नव्हत्या. पंपाचा स्टार्टर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर. महिनाभर गार पडून ओलावा प्यायल्या आणि बटण दाबताच गेल्या. आज कारण कळलं.

---

चेंबरवाला | २० नोव्हेंबर, रात्री ८:४०

खारा_वारा, तुम्ही हॉल्ट नावाची चाचणी करून घ्या. त्याहून चांगलं काही नाही. डॉ. ग्रेग हॉब्स यांनी रुजवलेली पद्धत. आधी पायरीपायरीने थंड करत न्यायचं, मग पायरीपायरीने गरम, मग झपाट्याने थंड-गरम, मग सहाही दिशांनी हादरे, शेवटी हादरे आणि तापमान एकत्र. चेंबर द्रव नायट्रोजनवर उणे १०० पर्यंत जातं. वस्तू मोडेपर्यंत थांबायचं नाही. मोडली की तो कच्चा दुवा पक्का करायचा आणि पुढे. चार-पाच दिवसांत डिझाइनचा कस लागतो.

---

तापमापी | २० नोव्हेंबर, रात्री ९:१५

@चेंबरवाला, हॉल्टचा मीही भक्त आहे, पण इथे पहिल्यांदा ते नको. एक, हॉल्टमध्ये सहसा ओलावा आणि खार नसतोच. सैल कनेक्टर, तडकणारं सोल्डर, थंडीत न उठणारा क्रिस्टल हे तो पटकन दाखवेल, डेंड्राइट दाखवणार नाही. दोन, हॉल्टवरून किती वर्षं टिकेल हा आकडा निघत नाही, काढायचाही नसतो. तो कमजोरी शोधण्यासाठी आहे.

---

चेंबरवाला | २० नोव्हेंबर, रात्री ९:३०

हे मान्य. पण पंपाशेजारी हादरे असतात, आणि खांबावरचा डबा दुपारी तापून वळवाच्या पहिल्या सरीने एकदम निवतो. तापमानाचा झटका विसरू नका. डबा निवताना आतली हवा आकसते आणि बाहेरची ओली हवा रबराच्या सीलमधून आत ओढली जाते. हातोडी म्हणतात तसं 'सील करा' म्हटलं तर डबा श्वास घेतो आणि पाणी आतच साठतं.

---

बंदरावरचा | २० नोव्हेंबर, रात्री ९:५५

श्वासाचं शंभर टक्के खरं. आयपी६७ लिहिलेले सेट उघडतो तर आतून चमचाभर पाणी निघतं. आयपी६७ म्हणजे गोड्या पाण्यात एक मीटरवर अर्धा तास. खाऱ्या वाऱ्यात पाच वर्षं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. मी तळाला बारीक भोक पाडून देतो आणि वायर वरून न आणता खालून, यू वळण देऊन आणतो. लोक म्हणतात नव्या डब्याला भोक पाडलं. पडू दे.

---

हातोडी | २० नोव्हेंबर, रात्री १०:२०

लॅकरबद्दल मात्र मी ठाम आहे. लॅकर मारला की विषय संपला.

---

तापमापी | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

@हातोडी, लॅकर हवाच, पण धुतलेल्या आणि सुकवलेल्या बोर्डावर. लॅकर पाणी थांबवतो, वाफ नाही. खाली फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा) चिकटा नाहीतर बोटांच्या घामाचं मीठ राहिलं तर ते लॅकरमधून वाफ ओढून घेतं, फोड येतो आणि सगळं त्या फोडाखाली निवांत सडतं. 'नो-क्लीन' फ्लक्स म्हणजे न धुता चालणारा, हे कोरड्या ऑफिसातल्या वस्तूंना ठीक. कोकणात धुवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवायचं, ६०-७० अंशाला दोन-तीन तास सुकवायचं, मग लॅकर. आणि लॅकर लावण्याआधी बोर्डाला उघड्या हाताने शिवायचं नाही.

---

फळा_खडू | २१ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

महागडं चेंबर नसेल तर एक सोपी युक्ती. बंद भांड्यात एखाद्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं (खाली न विरघळलेले खडे दिसले पाहिजेत) की आतली आर्द्रता एका आकड्यावर येऊन थांबते. साधं मीठ ७५ टक्के. पोटॅशियम क्लोराइड २५ अंशाला ८४ टक्के. पोटॅशियम सल्फेट ९७. शाळेतल्या प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या फिशटँकमध्ये हे करून दाखवतो. झाकणाला व्हॅसलीन लावायचं.

---

खारा_वारा | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४०

सर, मला आज दुपारपासून काम लागलं! फिशटँक घरात आहेच. त्याच्याभोवती प्लायवूडची पेटी, आत बल्ब आणि थर्मोस्टॅट. दिवसा १२ तास ४५ अंश, रात्री बल्ब बंद. आधी बोर्डावर भाट्याच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी अत्तराच्या बाटलीने हलकं फवारून सुकवायचं. चोवीस तासांत एकदाच, एक तास वीज द्यायची. बागेत घडतं तसंच, फक्त रोज.

---

तापमापी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:००

उत्तम. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या दमट-उष्ण चक्राच्या चाचणीतही असाच २४ तासांचा फेरा असतो. तीन गोष्टी सांभाळा.

पेटीत ४४० व्होल्ट अजिबात नेऊ नका. खारं पाणी, बल्ब, काच, माणूस सगळं एकत्र आहे. फक्त १२ व्होल्टचा डीसी सप्लाय, आणि बल्बच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच).

एक नग खार न लावता ठेवा. तो टिकला आणि बाकीचे गेले तर मिठाचा गुन्हा सिद्ध होईल.

आणि सर्वात महत्त्वाचं, आधी जुना बोर्ड त्यात मारून दाखवा. बागेत गेला त्याच पिनवर, त्याच नेच्याच्या पानाने मेला, तरच तुमची पेटी खरी. त्यानंतर नवीन बोर्ड आत घाला.

---

मिठागर | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२५

एक शंका. त्यापेक्षा सरळ सॉल्ट स्प्रे का नको? ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश. अमुक तास म्हणजे एक वर्ष असं टेबल आमच्या प्लेटिंगवाल्याकडे असतं.

---

तापमापी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:४५

त्या टेबलावर भरवसा ठेवू नका. सॉल्ट स्प्रे, म्हणजे एएसटीएम बी११७, ही १९३९पासूनची चाचणी आहे, एका लॉटची प्लेटिंग दुसऱ्याशी ताडून बघायला चांगली. पण तिथे धातू सतत ओला असतो, सुकतच नाही. बाहेर ओलं-सुकं-ओलं चालतं. जस्तावर बाहेरच्या हवेत जो संरक्षक थर धरतो, तो तिथे धरूच शकत नाही. त्यामुळे तासांवरून वर्षं काढता येत नाहीत. स्क्रू आणि टर्मिनल तपासायला मात्र जरूर करा. अंधेरीच्या ईआरटीएल किंवा गोव्याच्या ईटीडीसी या सरकारी प्रयोगशाळांत चौकशी करा.

---

दाभोळची_खाडी | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:००

अवांतर: पालींचं काय करणार? आमच्या इन्व्हर्टरच्या पीसीबीवर (बोर्डावर) दरवर्षी एक पिल्लू चिकटून मरतं आणि पीसीबीलाही घेऊन जातं. त्याची चाचणी कुठल्या लॅबमध्ये होते?

---

बंदरावरचा | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पालीसाठी भोकाला स्टीलची जाळी. लोखंडी नको, एका पावसात विरघळते.

---

खारा_वारा | ३ डिसेंबर २०२३, रात्री ११:३०

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो. जुन्या बोर्डाचा पहिला नग नवव्या दिवशी गेला. तीच पिन. भिंगाखाली तेच पान. खार न लावलेला नग शांतपणे चालू आहे. पुण्याच्या १००० तासांत जे दिसलं नाही ते घरच्या फिशटँकमध्ये नऊ दिवसांत दिसलं.

आता एकेक बदल वेगळा करून बघतोय.

---

खारा_वारा | ११ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:००

निकाल. प्रत्येकी चार नग ठेवले होते.

नुसते धुतलेले बोर्ड विसाव्या दिवसाच्या आसपास गेले. न धुता लॅकर मारलेले चौदा-पंधरा दिवसांत गेले, आणि लॅकरखाली फोड आले, तापमापी म्हणाले होते तसेच. मला वाटलं होतं की नुसत्या लॅकरने नुसत्या धुण्यापेक्षा जास्त फायदा होईल. उलटंच झालं. धुऊन, सुकवून, मग लॅकर मारलेले चारही नग साठ दिवस झाले तरी चालू.

शिवाय पुल-अप १ मेगाओहमचा ४७ किलोओहम केला. आता तीच २०० किलोओहमची चोरवाट तयार झाली तरी पिनवर २.६७ व्होल्ट राहतात, कंट्रोलर फसत नाही. बॅटरी थोडी जास्त जाते, जाऊ दे.

---

तापमापी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३५

मनापासून अभिनंदन. पण चारवर विसावू नका. ९० टक्के नग टिकतील असं ९० टक्के खात्रीने म्हणायचं तर २२ नग एकही न मरता पार पडावे लागतात. तुमच्या पुण्याच्या तीन नगांवरून तेवढ्याच खात्रीने फक्त एवढंच म्हणता येत होतं, की निदान ४६ टक्के टिकतील.

---

खारा_वारा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

४६?! तीनपैकी तीन पास म्हणजे मी शंभर टक्के समजत होतो.

ठीक आहे, दुसरा फिशटँक आणतो. २२ ठेवतो.

---

हातोडी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

खारा_वारा, तुमचा लॅकर-फोडांचा प्रकार वाचून काल माझे परत आलेले सहा इन्व्हर्टर उघडले. चारमध्ये फोड. पंधरा वर्षं मी ग्राहकांना 'हवाच वाईट' म्हणून सांगत आलो. आयसोप्रोपिलचा कॅन मागवलाय. धुताना ब्रश कुठला वापरता?

---

खारा_वारा | १२ फेब्रुवारी, दुपारी १:००

दात घासायचा मऊ ब्रश. एकदा धुऊन पुन्हा ताज्या अल्कोहोलमध्ये बुडवायचा बोर्ड. पहिलं गढूळ अल्कोहोल वापरत राहिलात तर तोच चिकटा सगळीकडे पसरतो. मी ही चूक पहिल्या आठवड्यात केली.

---

खारा_वारा | ९ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, हिशोब देणं लागतो म्हणून. फिशटँकमधले २२ नग साठ दिवस पार पडले, त्यानंतरच मे महिन्यात वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातल्या त्याच बागांत ६० नवीन नग विनामूल्य बदलून बसवले. काल शेवटच्या बागेत पहिलं पाणी सुटलं. ५ परत आले. एकाही नगात त्या पिनवर पान नाही.

पाचांपैकी तीनमध्ये टर्मिनलचे स्क्रू गंजून जाम झालेत. तिथे मी पैसे वाचवले होते, ती माझी चूक. आता निकेल चढवलेलं पितळ घेणार आणि सॉल्ट स्प्रेला पाठवणार. एक विजेच्या लोळाने गेला. पाचव्यात कुंभारीण माशीने तळाच्या भोकात मातीचं घर बांधलं होतं, पाणी तुंबून बोर्ड अर्धा बुडाला.

---

बंदरावरचा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

म्हणून जाळी सांगितली होती!

तुमचे दोन नग मी जुलैपासून धक्क्यावर, भरतीच्या तुषारांत टांगलेत. दोन्ही चालू आहेत. दोघांच्याही खुणा वाऱ्याने पुसल्या, कुठला लॅकरवाला आणि कुठला बिनलॅकरचा ते बाहेरून कळत नाही. उघडू की राहू देऊ?

---

खारा_वारा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

राहू दे. उघडू नकोस. त्रिपुरी पौर्णिमेला मी भिंग घेऊन येतोय, दोघं मिळून उघडू.